तीनमार वाजवून शांतता

कुकटपल्लीतल्या आमच्या कार्यालयात शांततेसाठी जी खोली बांधण्यात आली, तिचं उद्घाटन तीनमार वाजवून झालं. हैदराबादबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, तीनमार हा आमच्याकडचा ढोलाचा ठेका. तो सुरू झाला की घोड्यावरून उतरलेला नवरदेव, गणपतीपुढची पोरं आणि नुकताच निवडून आलेला नगरसेवक हे सगळे एकाच पद्धतीने नाचतात. चेहरे झाकले तर कोण कोणता, ते सांगता यायचं नाही. त्या दिवशी आमच्या मजल्यावरची झाडून सगळी माणसं तशी नाचत होती. मी मात्र एका जागी उभी होते, कारण माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि हार घालणाऱ्यांनी मला हलायचं नाही असं बजावलं होतं, फोटो खराब येतो म्हणून. ती खोली मी मागितली होती.

कशासाठी मागितली होती, हे त्या गर्दीत कुणालाही माहीत नव्हतं. मला रडायचं होतं.

यावर लगेच कुणी हळहळू नये. माझे वडील पावसाळ्यात गेले, पिकल्या वयात गेले, झोपेत गेले, आणि ‘असं मरण मागून मिळत नाही’ हे भेटायला आलेल्या प्रत्येकाने आम्हाला समजावून सांगितलं. दुःखाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. अडचण जागेची होती. रडणं ही गोष्ट मी गंभीरपणे घेते, आणि माणूस जी गोष्ट गंभीरपणे घेतो तिला जागा लागते. कवायतीला मैदान लागतं, पापडाला गच्ची लागते. तसं मला चार भिंती, एक दार आणि अर्धा तास हवा होता, ज्यात कुणी ‘काय झालं?’ विचारणार नाही.

घरी का नाही रडलीस, असं कुणी म्हणेल. आमचं मूळ परभणीकडचं. तिकडची माणसं भेटायला येतात ती रीतीप्रमाणे येतात. जिना चढताना आपसात रेल्वेतल्या गर्दीबद्दल बोलत येतात, आणि उंबऱ्यात पाऊल पडलं की बायका ‘आता कसं गं मनकर्णाबाई!’ म्हणत आईच्या गळ्यात पडतात. घरात हंबरडा उठतो. अशा वेळी घरातल्या कर्त्या मुलीने पाणी आणायचं असतं. मी पाणी आणत असे. मग येईल त्या मावशीच्या पाठीवरून हात फिरवून, ‘असं नका करू, तब्येतीला जपा’ असं त्यांचंच सांत्वन करून, चहाचं आधण ठेवायला आत जात असे. चहा होईपर्यंत त्यांचं रडून झालेलं असे आणि माझी वेळ निघून गेलेली असे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी अनित्यतेवर फार सुंदर बोलले असं सगळे सांगतात. मी त्या वेळी विहाराच्या मागच्या बाजूला मसालेभात पुरेल ना, याची चौकशी करत होते.

शेवटी जिंतूरच्या आत्याबाईंनी ते बोलून दाखवलं. हळू बोलण्याची त्यांना सवय नाही, त्यामुळे स्वयंपाकघरात मला स्पष्ट ऐकू आलं. ‘पोरगी शिकलेली हाय ना, बाई. बाप गेला तरी डोळ्यात टिपूस नाही.’

मी चहात साखर दोनदा टाकली. एवढीच माझी प्रतिक्रिया.

एकटीनेही प्रयत्न केले. दिलसुखनगरला आमच्या खिडकीला लागून एक शिकवणी वर्ग आहे, तिथे ध्वनिक्षेपकावरून भौतिकशास्त्र शिकवतात. मी उशीत तोंड घातलं, हुंदका गळ्यापर्यंत आला, की पलीकडून सर खडसावणार, ‘एव्हरीबडी! रिपीट!’ आणि शंभर मुलं न्यूटनचा नियम म्हणणार. हुंदक्यालाही काही आब असतो. न्हाणीघरात गेले तर आई दार वाजवून म्हणे, ‘सुजे, गिझर चालू ठेवून काय करतीस इतका वेळ?’ वरच्या मजल्यावरच्या शैलाकाकूंना माझ्या चेहऱ्यावरून काय समजलं कोण जाणे, त्या एका संध्याकाळी ओव्याचा काढा घेऊन आल्या. ‘रडू साठलं की त्याचं पित्त होतं,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या नणंदेचं झालं होतं. तू असं कर, कांदे चीर. एकदा डोळ्याला पाणी लागलं की मागचं आपोआप येतं.’ मी कांदे चिरले. त्या दिवशी आमच्याकडे पिठलं फार चांगलं झालं.

मेट्रोत बायकांच्या डब्यातही पाहिलं. दिलसुखनगर ते कुकटपल्ली हा प्रवास लांबचा आहे, मधे सगळं शहर लागतं. अमीरपेटच्या अलीकडे माझे डोळे जरा भरून आले, तर शेजारच्या बाईंनी लगेच पाणी दिलं, समोरच्या मुलीने उठून जागा दिली, मी बसलेलीच असूनही, आणि एका वयस्कर बाईंनी माझ्या कानाशी येऊन तेलुगूत विचारलं की नवरा मारतो का. माझं लग्न झालेलं नाही असं म्हटल्यावर त्यांनी ‘अय्यो’ म्हणून असा उसासा टाकला, की माझ्या रडण्याचं कारणच बदलून गेलं.

राहिलं कार्यालय.

वॉशिंग मशीन, गिझर, मिक्सर यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि कुणी वाचत नाही, तिचं मराठी मी लिहिते. आमची कंपनी छोटी आहे. ती एका मोठ्या सामाईक दालनात चार टेबलं भाड्याने घेते. त्या दालनात अशा दहाबारा कंपन्या आहेत आणि त्यांच्या मधे भिंती नाहीत. भिंतींमुळे कल्पनांची देवाणघेवाण थांबते, असं दालनाच्या जाहिरातीत लिहिलेलं आहे. माझ्या डाव्या हाताला जहीरभाई बसतात. ते शहराबाहेरचे प्लॉट विकतात आणि दोन फोनवर एकाच वेळी बोलतात. ते इतक्या जोरात बोलतात, की फोन ही केवळ औपचारिकता आहे. उजव्या हाताला पुण्याहून आलेला पुष्कर बसतो. तो संगणकाचे प्रोग्राम लिहितो. त्याला आवाजाचा त्रास होतो म्हणून तो कानांवर मोठे हेडफोन चढवतो, आणि ते चढवल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो आहोत हे त्याला कळत नाही. मागे चहाचं यंत्र. ते दर कपाला खोकून घेतं.

एक दिवस वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेची छापील प्रत माझ्या हातात आली. ‘कपडे टाकण्यापूर्वी खिसे तपासून पाहावेत’ या सूचनेच्या खाली माझ्याच मराठीत छापलेलं होतं, ‘कोपऱ्याचा आहे, पूर्वेकडे तोंड आहे, मागून रिंग रोड जाणार आहे.’ जहीरभाईंचं वाक्य माझ्या कानातून शिरून बोटांतून बाहेर पडलं होतं. ग्राहकांकडून तक्रार एकही आली नाही. त्यामुळे माझा जास्तच अपमान झाला.

आता निदान एक दाखवता येण्यासारखं कारण हाताशी होतं. मी दालनाचे व्यवस्थापक यादगिरी यांच्याकडे गेले. यादगिरी गारू (तेलुगूतलं ‘गारू’ म्हणजे आपलं ‘राव’) हा भला माणूस. त्यांनी आजवर कुणालाही नाही म्हटलेलं नाही आणि कुणाचंही काम केलेलं नाही.

‘एखादी शांत जागा मिळेल का? अगदी लहान चालेल.’

‘कायकू, मैडम?’

‘कामात लक्ष लागत नाही.’

ते खुर्चीतून उठून उभे राहिले. नंतर मला कळलं की ते हेलावले होते. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण काहीतरी जास्त मागायचा. एसी जास्त, कॉफी जास्त, इंटरनेटचा वेग जास्त. काहीतरी कमी मागायला आलेली मी पहिलीच.

‘मैडम,’ ते छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘परसों हो जाता.’

हैदराबादी माणसाच्या ‘परसों’मध्ये परवापासून पुढची काही वर्षं सहज मावतात, हे मला इथेच वाढल्यामुळे माहीत होतं. म्हणून मी निर्धास्त झाले. पण यादगिरी या वेळी खरोखरच कामाला लागले, आणि माझ्या हालांना तिथून सुरुवात झाली.

आधी समिती नेमली गेली. शांतता समिती. पुण्याचा असल्यामुळे पुष्करला या विषयात गती असणार, असं सर्वांनी गृहीत धरलं आणि त्याला अध्यक्ष केलं. त्यानेही ते नाकारलं नाही. समितीच्या बैठकीला मोकळी खोली मिळेना, म्हणून बैठका माझ्या टेबलापाशी भरू लागल्या, कारण मागणी माझी होती. खोलीत टंकलेखनाला परवानगी असावी का, बांगड्या घालून जावं का, शिंक हा नियमभंग धरावा का, यावर रोज दुपारी कडाक्याचे वाद होत.

‘शिंकेला सवलत दिली,’ पुष्कर हेडफोन न काढता ओरडला, ‘की उद्या लोक खोकायला लागतील!’

‘अरे पुष्कर मियाँ, छींक पे किसका जोर चलता?’ जहीरभाई म्हणाले. ‘नाक बंद करके मरना क्या?’

‘मग त्यांनी बाहेर येऊन शिंकावं.’

‘आती सो छींक कू बोलना क्या, ठैर जा, दार खोल्रौं?’

समितीचा एक व्हॉट्सअॅप गटही झाला. गटाचं नाव ‘शांतता’. त्यात मजल्यावरची सगळी माणसं घातली गेली, आणि कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की सगळ्या दालनातले फोन एकाच वेळी वाजू लागले. मी माझा फोन मुका केला. तेव्हा पुष्करने मला समज दिली, की ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं आहे त्यांनीच उदासीन राहणं बरोबर नाही.

मग सुतार आले. जिना आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या सांदीत खोली करायचं ठरलं. शांतता निर्माण करताना किती आवाज होतो, याची मला कल्पना नव्हती. यंत्राने भिंतीला भोकं पाडली, मग चुकीच्या ठिकाणी पाडली म्हणून ती बुजवली आणि शेजारी नवी पाडली. प्लायवूड कापलं जाताना मजल्यावरची माणसं कानांत बोटं घालून माझ्याकडे पाहत. त्या पाहण्यात राग नव्हता, त्याग होता. ते सगळे माझ्यासाठी सोसत होते. चहाच्या यंत्रापाशी एक अनोळखी मुलगी मला म्हणाली, ‘मॅम, यू आर सो ब्रेव्ह.’ या दिवसांत मी गिझरची पुस्तिका जिन्यात बसून लिहिली. पहारेकरी मधूनमधून येऊन मला बरं नाही का, असं विचारून जात असे.

भिंतींना लावायचा स्पंज यादगिरींच्या मेहुण्याच्या बंद पडलेल्या रेकॉर्डिंग स्टुडिओतून आला. दार आलं एका मोडीत निघालेल्या शीतगृहातून. वीतभर जाड, पोलादी, मधोमध ताटाएवढी गोल काच. चार माणसांनी ते आत आणलं तेव्हा यादगिरी नवरीमुलीच्या बापासारखे बाजूला उभे होते.

‘इस दार के पीछे मछलियाँ रखते थे, मैडम,’ त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. ‘मछली चिल्लाई तो बी बाहर सुनाई नै देती.’

आणि मग तीनमार. यात यादगिरींची चूक झाली असं मला म्हणता येत नाही. नवीन वास्तू सुरू होते आहे आणि ढोल नाही, ही गोष्ट त्यांच्या बुद्धीला शिवलीच नसती. खोली शांततेची आहे हा मुद्दा मी मांडून पाहिला. ते म्हणाले, ‘करेक्ट, मैडम. खोली के अंदर नै बजाते.’ ढोलवाले खोलीच्या दारात वाजवू लागले. मालक आले, फीत कापली, नारळ फुटला. खालच्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार घेऊन वर आले, त्यांच्या हातात लाडू ठेवण्यात आले, आणि थोड्याच वेळात तेही नाचताना दिसले. मग माझ्या हातात माइक देऊन दोन शब्द बोलायला सांगितलं. मी इतकंच म्हणाले, की शांततेची गरज सर्वांनाच असते. माइकने मध्येच अशी किंकाळी फोडली की पुढच्या ओळीतले लोक खाली बसले. टाळ्या मात्र खूप पडल्या.

त्या संध्याकाळी मी घरी हे वर्णन करत असताना आत्याबाईंचा फोन आला. आई त्यांच्याशी बोलत होती. पलीकडून पुन्हा तोच विषय निघाला असावा, कारण आईचा आवाज एकदम चढला. ‘कोण म्हणतं माझी पोरगी रडत नाही? माझी सुजाता ऑफिसात रडती. तिथं तिच्यासाठी येगळी खोली बांधली हाय!’

मी आईकडे पाहिलं. आईने फोन ठेवला आणि पदराने तो पुसत म्हणाली, ‘खोटं नाही ना बोलले मी?’

आई कधी खोटं बोलत नाही, आणि बोलली तर ते खरं होईपर्यंत तिला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याबरोबर तिने एक जादा रुमाल द्यायला सुरुवात केली, इस्त्रीचा. मी संध्याकाळी चपला काढते न काढते तोच विचारायची, ‘झालं का आज?’ डोस घेतलास का, असं विचारावं तसं. मी नाही म्हटलं की रुमाल माझ्या हातातून घ्यायची, उघडून बघायची आणि पुन्हा घडी घालायची. ती घडी घालताना पाहणं मला अवघड जायला लागलं. एवढंसं रडणं आता दोन बायकांच्या शब्दाचा प्रश्न होऊन बसलं होतं.

पण खोली मिळेना. सकाळची वेळ पुष्करने ध्यानासाठी राखून ठेवली होती. गोल काचेतून पाहिलं तर तो भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून ध्यान करत असे. त्यानंतर हिशेब पाहणाऱ्या दोघीजणी आत जात आणि खुललेल्या चेहऱ्याने परत येत. तिथे त्यांनी कुणाकुणाबद्दल बोलून घेतलं, ते दालनातल्या लोकांच्या नंतर कानावर येई. दुपारी जहीरभाई. आत गेल्यावर बाहेर ऐकू जात नाही, हे कळल्यापासून ते गिऱ्हाइकांशी मनापासून ओरडून बोलू लागले होते. खोलीत जे काही चाले ते पाहून मला एवढंच कळलं, की शांतता सोडून त्या जागेचा प्रत्येकाला उपयोग होता. ‘माझी पाळी कधी?’ असं विचारणं मला जमत नव्हतं. मागणी करणाऱ्याने सर्वांत शेवटी जावं, असं माझ्या मनावर लहानपणापासून बिंबवलेलं आहे. कुणी बिंबवलं ते आता आठवत नाही, पण त्या माणसाला एकदा भेटायला हवं.

शेवटी एका गुरुवारी पुष्करला सर्दी झाली. शिंकेबद्दलच्या त्याच्या स्वतःच्याच नियमामुळे त्याला आत जाता येईना. यादगिरींनी मला खूण केली. मी नियमाप्रमाणे फोन बाहेरच्या टोपलीत ठेवला, रुमाल घेतला, आत गेले आणि ते मासळीचं दार ओढून घेतलं.

अशी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती. मला माझं मनगटी घड्याळ ऐकू आलं. मग पोट ऐकू आलं. सकाळचे पोहे कुठवर पोचले आहेत, तेही कळलं. मी स्टुलावर बसले, रुमाल उघडला, आणि सुरुवात करायची वाट पाहू लागले.

काहीही होईना. मी बाबांचा चेहरा आठवला. त्याऐवजी त्यांच्या शेवटच्या औषधांची नावं आठवली, क्रमाने. शेवटचा दिवस आठवला, तर शववाहिकेच्या मागे ‘हॉर्न वाजवा’ लिहिलेलं होतं, ते. एखादा दुःखद ग्रंथ आठवावा म्हटलं; वाचले आहेत पुष्कळ, पण एकाचंही शेवटचं पान आठवेना. भिंतीवरच्या स्पंजवर कुणीतरी पेनाने बाण काढून ‘लता’ असं लिहिलं होतं. ही लता कोण, याचा मी बराच विचार केला. माझा रुमाल कोरडा ठणठणीत होता. आज आईला काय सांगायचं, असा विचार करत मी उठले आणि दाराची मूठ फिरवली.

मूठ माझ्या हातात आली. दार जागचं हललं नाही.

मी सभ्य बाई आहे. मी आधी काचेवर हलकेच टिचकी मारली. जवळच्या टेबलावरच्या मुलीने वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून हसून मान डोलावली. मी हातातली मूठ काचेपुढे धरून दाखवली. तिने अंगठा वर केला. मी तळहाताने काच वाजवली. पुष्कर नाक पुसत जवळ आला. त्याने कपाळाला आठी घालून बाहेर लावलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘आतील व्यक्तीस कोणीही व्यत्यय आणू नये.’ मी दोन्ही हातांनी दार बडवू लागले, तेव्हा त्याने इतरांना मागे सरायला लावलं. ते सगळे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. हे सगळं आदरापोटी चाललं होतं. असल्या आदराला दारही नसतं आणि खिडकीही नसते.

‘अहो, जरा ऐकता का?’ मी म्हणाले. मग जरा मोठ्याने म्हणाले. मग मी एक खोल श्वास घेतला, आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, ‘अगं, कोणी हाय का नाही घरात?’

आणि मी थांबले. ते वाक्य माझं नव्हतं. ते ऑफिसात म्हणण्यासारखंही नव्हतं.

बाबा सरकारी छापखान्यात यंत्रावर होते. तिथे दिवसभर यंत्रं धडधडत, त्यामुळे तिथली सगळी माणसं ओरडूनच बोलत, आणि घरी आल्यावरही त्यांचा आवाज खाली येत नसे. रोज संध्याकाळी तळमजल्यावरूनच ते ओरडायचे, ‘अगं, कोणी हाय का नाही घरात?’ घरात आम्ही असायचोच, आणखी कुठे असणार? मला त्या आवाजाची लाज वाटायची. माझ्या हातात पुस्तक असायचं आणि मी म्हणायची, ‘बाबा, हळू बोला ना, वाचतेय मी.’ ते जिन्यातच आवाज खाली आणायचा प्रयत्न करायचे, आणि तो प्रयत्नही दोन मजल्यांना ऐकू जायचा. माझी शाळेची पुस्तकं, नंतरची गोष्टींची पुस्तकं, सगळी त्या आवाजातून आली होती, हे मला कळायला पुष्कळ वर्षं लागली.

मी पुन्हा ओरडले, तसंच. दार उघडावं म्हणून नव्हे. तो आवाज माझ्या गळ्यात जसाच्या तसा होता आणि मला तो आणखी एकदा ऐकायचा होता. ‘कोणी हाय का नाही घरात!’ तिसऱ्या वेळी शब्द पुरे झाले नाहीत. मी खाली जमिनीवर बसले आणि जे इतके दिवस अडलेलं होतं, ते एकदम आलं. ते मुळीच संयमित नव्हतं. आत्याबाईंनी पाहिलं असतं तर त्यांनीच मला पाणी आणून दिलं असतं.

किती वेळ गेला ते माहीत नाही. कधीतरी वर पाहिलं तर काचेला जहीरभाईंचं कपाळ चिकटलेलं होतं. एक फोन कानाला होता, तो त्यांनी हळूच खाली घेतला. मग दार उघडलं. बाहेरून ते नुसतं ओढलं की उघडत होतं. हे मजल्यावरच्या एकाही माणसाच्या लक्षात इतका वेळ आलं नव्हतं.

माझे केस विस्कटले होते, नाक लाल झालं होतं, एका हातात दाराची मूठ होती. जहीरभाईंच्या मागे सगळं दालन उभं होतं आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. चहाचं यंत्रही गप्प होतं. पुष्करने हेडफोन काढून गळ्यात अडकवले होते. यादगिरी दोन्ही हात जोडून उभे होते, कुणाला ते त्यांनाही माहीत नसावं.

‘बाबा गेले माझे,’ मी म्हणाले. ‘पावसाळ्यात.’

 शांतता अशी होती, की समितीला हेवा वाटावा. मला वाटलं, आता सगळे पुढे येणार, पाणी देणार, पाठीवर हात ठेवणार, आणि मला पुन्हा एकेकाला समजवावं लागणार. जहीरभाईंनी मागच्यांना हातानेच थोपवलं. मग आत वाकून, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, त्यांनी विचारलं, ‘मैडम, पूरा रो लिए क्या?’

मी हातातल्या मुठीकडे पाहिलं.

‘अम्मी का इंतेकाल हुआ तो मेरेकू बी कईं जगा नै मिली,’ ते म्हणाले. ‘पेट्रोल पंप पे, लाइन में, गाडी में बैठ के रोया मैं. पीछे वाले हॉर्न पे हॉर्न. आधाच हुआ, गाडी आगे लेना पडा.’ त्यांनी नाक ओढलं. ‘नै हुआ बोले तो फिर से बंद करदेतौं. आराम से करो. इधर का हैंडल मैं पकड के खडा रैतौं.’

मी रुमाल पिळला. ‘अजून थोडं आहे,’ मी म्हणाले.

‘हौ,’ जहीरभाई म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं. गोल काचेत त्यांची रुंद पाठ भरून आली, त्यामुळे बाहेरचं कुणी मला दिसेना आणि मीही कुणाला दिसेना. मी पुन्हा खाली बसले आणि राहिलेलं सावकाश रडून घेतलं.